जीन, जिन, जिनं

पुंडलिका,

अमरावतीला मी तुझ्याशी भांडायला निघालो होतो. तुझा निरोप घेऊन आलेला गाडीवान एवढंच म्हणाला, की हात जिनात सापडला, बोटं चेंगरली, मास्तरला बोलावलंय. बोटं चेंगरणं तुझ्या धंद्यात नवं नव्हतं. चामड्याला भोकं पाडायची आरी तळहातातून आरपार गेली होती तेव्हाही तू चिंधी बांधून दुपारी पुन्हा कामाला बसला होतास. म्हणून अकोल्याहून निघताना मी भ्यालो नाही. मूर्तिजापूरपर्यंत आणि तिथून बडनेऱ्यापर्यंत मी गाडीत बसून आपला त्या एका शब्दाचा वादच घोळवत होतो. आधी फारसीच्या मुन्शीजींचं म्हणणं सांगायचं की इंग्रजीच्या मास्तरांचं, तू मध्येच काय बोलशील, त्यावर मी काय बोलायचं. या खेपेला तुला गप्प करायचंच, असं ठरवलं होतं. गाडीवानाने एकदा मागे वळून विचारलंसुद्धा, "मास्तर, कोनाशी बोलून राहिले तुमी?"

तुझ्याशीच बोलत होतो. आता तू नाहीस, तरी दुसरं कोण आहे मला असल्या गोष्टी बोलायला?

आपली शाळा अकोल्याच्या जुन्या गावात, मोर्णेच्या काठी, तात्या पंतोजींच्या ओसरीवर भरायची. मी जिनदास, कापडाचं दुकान असलेल्या जैनाचा मुलगा. तू जीनगराचा, घोड्यांची खोगीरं शिवणाऱ्याचा. तात्या दोघांनाही 'जिन्या' म्हणायचे. हाक आली की आपण दोघेही उभे राहायचो, आणि छडी एकाच्या नावाची असली तरी कधी कधी दुसऱ्याला बसायची. एकदा तुझी छडी मी खाल्ली. घरी जाताना तू तळहात बघायला मागितलास आणि मग विचारलंस, "तुह्या नावातला जिन कोन हाय?"

मी घरी ऐकलेलं सांगितलं. ज्यानं राग जिंकला, लोभ जिंकला, स्वतःला जिंकलं, तो जिन. त्याचा दास तो जिनदास.

"माह्यावालं जीन घोड्याच्या पाठीवर बसते," तू म्हणालास. "तुह्यावाला कायच्यावर बसते?"

"कायच्यावरबी नाही. डोये मिटून उभा रायते."

तू वाटेतला एक खडा पायाने लोटत चाललास. मग म्हणालास, "मंग त्यानं घोडा सोडून देला असन. जीन तेवढं नावात राहून गेलं."

तिथून जो वाद लागला तो आपल्या मिशा पिकायला लागल्या तरी मिटला नाही. तुझं म्हणणं, आवाज एक असेल तर शब्द एकच. तो गावोगाव फिरतो, नवे कपडे घालतो, पण माणूस तोच. माझं म्हणणं, दोन गावांत दोन पुंडलिक असले म्हणून ते भाऊ होत नाहीत. मी शाळामास्तर झालो, तू बापाच्या दुकानात बसलास, पण भेटलो की पाणी पिऊन झाल्यावर पहिली गोष्ट हीच. लोक शेतीचं बोलायचे, सोयरिकीचं बोलायचे. आपण एका शब्दावर संध्याकाळ घालवायचो.

माझ्या आईची तुला आठवण असेल. आमच्यात चामडं घरात येत नाही, आणि तुझ्या हातांना तर त्याचाच वास. तू यायचास तेव्हा ती अंगणात घंगाळ भरून ठेवायची. तू कोपरापर्यंत हात धुवायचास आणि तरीही ओसरीच्या कडेलाच, उन्हात बसायचास. वाईट वाटल्याचं तू कधी दाखवलं नाहीस. मग एके दिवशी तिच्या पोथीसाठी जाड कापडाचं वेष्टन शिवून आणलंस. कडेने निळा दोरा, कोपऱ्यांना फुलं. म्हणालास, "काकू, चामडं नाही हो. सुईबी नवी घेतली होती." आईने ते घेऊन पोथीला घातलं. पुढच्या खेपेला अंगणात घंगाळ नव्हतं, आणि ती आतून म्हणाली, "उनात काहून बसला रे? अंदर ये." तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. शेवटच्या दुखण्यात तिला पोथी वाचवत नव्हती, दिसतच नव्हतं. तेव्हा ती ते वेष्टन नुसतं हातात धरून, कोपऱ्यातल्या फुलांवरून बोट फिरवत पडायची. हे मी तुला सांगायला हवं होतं. तुला किती बरं वाटलं असतं.

मग समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव आला की माणसं वेडी झाली. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. ज्यांच्या दारात कधी घोडा उभा राहिला नव्हता त्यांनी घोडे घेतले, आणि घोड्यावर मखमलीचं जीन हवं, पितळी कड्या हव्यात. तू भागीवहिनीला घेऊन अमरावतीला गेलास, कारण बाजार तिथे होता. परकोटाच्या आत, दरवाज्यापासून जवळ, तू खोली घेतलीस. निघताना मला म्हणालास, "दोन वर्सं करतो अन् येतो वापस."

त्या अमरावतीच्या बाजारात पुढे काय झालं ते तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मी स्वतःच तिथे उभा होतो असं वाटतं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने परकोटाबाहेर मांडव घातला होता. तिथला गुजराती कारकून बाजारात येऊन विचारू लागला, "जीनचं काम जाणणारा कोण आहे?" बाजार म्हणाला, जीनचं काम जीनगर जाणतो, दुसरा कोण जाणणार! आणि माणसं त्याला तुझ्या दुकानात घेऊन आली. तू आरी घेतलीस, दाभण घेतलंस, घोड्याची पाठ मोजायची दोरी कमरेला खोचलीस आणि त्याच्यामागे गेलास.

मांडवात पोचल्यावर तू विचारलंस, "घोडा कुठी हाय?"

"घोडा कसला?" कारकून म्हणाला.

"अहो, जीन कोनाले घालाचं हाय?"

कारकुनाने बोट दाखवलं. समोर एक लोखंडी यंत्र उभं होतं. बैल गोल फिरायचे, त्यांच्या जोरावर यंत्रातला रूळ फिरायचा, एक पातं वरखाली व्हायचं, आणि कापसातली सरकी एकीकडे पडून रुई दुसरीकडे निघायची. विलायतेत त्याला जीन म्हणतात. मांडवातले हमाल पोट धरधरून हसले. तूही हसलास. पण जाता जाता वाकून पाहिलंस तर रुळावर चामडं गुंडाळलेलं, आणि तेच फाटलं होतं म्हणून यंत्र अडलं होतं. चामडं नीट ताणून शिवणारा माणूसच त्यांना हवा होता.

"जिन्या, सांग आता," मला भेटल्यावर तू मांडीवर थाप मारून म्हणालास, "विलायतेच्या जिनावरबी चामडं निघालं का नाही? शब्द येकच हाय का नाही?"

 तू इतका खूश होतास की उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

पुढे तुझं दुकान बंद पडलं आणि तू त्या मांडवातलाच झालास. रुळाचं चामडं महिन्या-दोन महिन्यांनी झिजायचं, ते बदलायचं, पात्याची धार बघायची, तेल घालायचं. तुला ते आवडलं होतं, हे मला दिसत होतं. आजवर तू शिवलेलं जीन कुणाचं तरी होऊन निघून जायचं. हे तुझ्याजवळच राहत होतं.

त्याच मांडवाच्या बाहेर गोदामाय बसायची. घरोघरच्या बायका लाकडी रेचा हाताने फिरवून सरकी काढायच्या, त्यातलीच ती एक. यंत्र आलं आणि रेचे बंद पडले. तिचं काम गेलं तरी ती सवयीने यायची, भिंतीला टेकून बसायची. एकदा तू तेलाचं भांडं घेऊन बाहेर आलास तर म्हणाली, "पुंडलिक, तुह्या या जिनानं आमचं जिनं खाल्लं रे बाप्पा."

ही गोष्ट तू मला गेल्या दिवाळीत अकोल्याला आला होतास तेव्हा सांगितलीस. आधी तू त्यातल्या शब्दाबद्दलच बोललास. पुण्याकडे जिणं म्हणतात, आपल्याकडे जिनं. म्हणजे जगणंही त्याच शब्दात आलं, बघ, असं म्हणालास. मग तुझं हसू मावळलं. मी म्हणालो, "तिचं पोट गेलं अन् तू शब्द मोजून राहिला?" तू चिडलास. म्हणालास, "मी सोडलं तं दुसरा येइन. जीन का बंद पडन?" मी म्हणालो की तो वेगळा प्रश्न आहे. तू म्हणालास की वेगळा कसा, तोच आहे. आपण दोघेही आवाज चढवून बोललो आणि भागीवहिनी आतून येऊन म्हणाली, "सनासुदीचं काय भांडून राहिले तुमी दोघं?" वाद तिथेच राहिला. गोदामायचं पुढे काय झालं ते तू सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

तू अमरावतीला परतल्यावर मी मुन्शीजींकडे गेलो. तू त्यांना एकदा पाहिलं होतंस, अचलपूरचे, उंच, पांढऱ्या दाढीचे. कचेरीत मराठी आली आणि फारसी गेली तसं त्यांचं काम गेलं. आता एक-दोन घरी फारसी शिकवून राहतात. त्यांनी मला दोन तास बसवून घेतलं. ते म्हणाले, तुमच्या मित्राचं जीन आमच्या फारसीतून आलं, पण त्यातला 'ज' दातांशी घासून निघतो, तो तुम्हाला म्हणता येत नाही. आणि आगीतून जन्मलेला, न दिसणारा जो जिन्न, तो अरबीतला. त्याच्या मुळाचा अर्थ झाकलेलं, दडलेलं. त्याच मुळातून स्वर्गाची बाग जन्नत आली, कारण ती झाडांनी झाकलेली. जुनूनही त्यातलाच, म्हणजे अक्कल झाकली जाणं. खोगिराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्या जिनाचा धातू मला माहीत होताच. 'जि', म्हणजे जिंकणं. तुझ्या जिनं-जिण्याचं मूळ जीव. राहिलं यंत्र. ते आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी सांगितलं. विलायतेत यंत्राला 'एंजिन' असा जो मोठा शब्द आहे त्याची शेपटी तेवढी उरली आणि जीन झालं. त्या मोठ्या शब्दाचं मूळ रोमच्या जुन्या भाषेतलं, अर्थ अंगची हुशारी. साहेब लोक पितात त्या दारूलाही जीन म्हणतात, पण तो आणखी निराळा. एका झाडाच्या फळावरून नाव पडलं.

म्हणजे पुंडलिका, तुझं म्हणणं समूळ खोटं ठरलं होतं. निरनिराळ्या घरांत जन्मलेले शब्द, केवळ आवाजाने एकमेकांसारखे. हे तुला सांगायची मला इतकी घाई झाली होती की गाडीवान निरोप घेऊन आला तेव्हा, देवाशपथ, जायला निमित्त मिळालं म्हणून मला थोडं बरंच वाटलं.

खोलीत शिरण्याआधी दारातच सडल्याचा वास आला. मग मला कळलं.

भागीवहिनी तुझ्या उशाशी बसून पदराने माशा वारत होती. तिने मला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. बैल उभे होते. तू रुळाचं नवं चामडं ओढून बसवत होतास. माशी चावली की काय, एक बैल पुढे सरकला, रूळ फिरला आणि पातं उतरलं. मांडवातल्या लोकांनी तुला खाटेवर घालून घरी आणलं. दोन दिवसांनी हात काळा पडायला लागला. मग कारकून गोऱ्या डॉक्टरला घेऊन आला.

डॉक्टर काय बोलला ते वहिनीला कळलं नाही. कारकुनाने तुला सांगितलं, "साहेब म्हणतात, कोपरापासून हात काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल. काढू का?"

तू वर आढ्याकडे बघत म्हणालास, "हात गेल्यावर कायचं जिनं, साहेब?"

कारकून डॉक्टरशी बोलला. डॉक्टर हसला, तुझ्या खांद्याला हात लावून काही म्हणाला आणि निघून गेला. कारकुनाने वहिनीला सांगितलं, "साहेब बोलले, फिकर करू नको."

"डॉक्टर हसला भाऊजी," वहिनी मला म्हणाली. "मंग मले वाटलं, भ्यायचं कारन नाही. आमी त्याइची वाट पाहून राहिलो. आज येतीन, उद्या येतीन."

कोणी आलं नाही. ताप चढला, तू बरळायला लागलास. बरळण्यात सारखं 'जीन, जीन' यायचं. शेजारच्या बायका म्हणाल्या, यंत्रातला जिन्न अंगात शिरला. वहिनी दरवाज्याजवळच्या फकिराला घेऊन आली. त्याने तुझ्या दंडावर दोरा बांधला, बराच वेळ डोळे मिटून बसला आणि वहिनीने पुढे केलेलं काहीही न घेता उठून गेला. 

मी कारकुनाकडे धावलो. तो वाईट माणूस नाही. मी विचारल्यावर त्याने जसं घडलं तसं सांगितलं. "पुंडलिक बोलला, हात गेल्यावर जीनचं काय? मला वाटलं, मशीनची काळजी करते. मी साहेबाला तसंच सांगितलं. साहेब हसले. बोलले, याला सांग जीनची फिकर नको, दुसरा माणूस मिळेल, आधी स्वतःचा विचार कर. आणि हात कापायला तयार झाला की मला निरोप पाठव."

"मंग निरोप?"

"तो हो कुठे बोलला? मला वाटलं, तयार झाला की स्वतःच सांगेल. मी वाट बघत होतो."

तुझ्या खोलीत तुम्ही डॉक्टरची वाट बघत होतात. डॉक्टर तुझ्या होकाराची. आणि कारकून मध्ये उभा, त्याच्या कानात एकच जीन, मांडवातलं. मी त्याला सांगितलं की आमच्या बोलीत जिनं म्हणजे जगणं.  तो म्हणाला, "असा शब्द आहे?" आणि पागोटं उचलून माझ्याबरोबर निघाला.

आम्ही डॉक्टरला आणलं. त्याने पांघरूण बाजूला केलं, खांद्यापर्यंत पाहिलं, काखेत बोटं दाबली आणि पांघरूण पुन्हा नीट घातलं. या वेळी कारकुनाने मला काही सांगायची गरज नव्हती.

एक गोष्ट मला अजून कळत नाही. 'हात गेल्यावर कायचं जिनं' हे तू नको म्हणून बोललास, की नुसतं दुःख म्हणून? कारकुनाला वऱ्हाडी येत असती आणि त्याने पुन्हा विचारलं असतं, तर तू वहिनीच्या तोंडाकडे बघून काप म्हणाला असतास का? तुझे हात म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. बिनहाताचा जीनगर होऊन तू जगला असतास की नाही, मी सांगू शकत नाही. पण तुला नीट विचारलं तरी गेलं असतं. एवढंही तुझ्या वाट्याला आलं नाही.

दिवेलागणीला तुझा ताप जरा उतरला. तू डोळे उघडलेस आणि मला ओळखलंस.

"आला का जिन्या?"

"आलो."

"मुन्शी काय म्हने?"

मी मुन्शीजींकडे जाणार हे तू ओळखलंच होतंस. ज्यासाठी मी अख्खी वाट घोकत आलो होतो ते सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "मुन्शी म्हनतात, शब्द येकच हाय. तुहं बरोबर होतं."

तुझ्या कोरड्या ओठांना हसू आलं. "खोटं बोलून राहिला तू," तू म्हणालास. "मी मरून राहिलो का रे?"

मी तुझा चांगला हात धरला.  थोड्या वेळाने तू पाणी मागितलंस, वहिनीने चमच्याने घातलं, त्यातलं अर्धं गालावरून ओघळलं. सकाळी उजाडता उजाडता तू गेलास. शेवटी तू काही बोललास का, असं लोक विचारतात. नाही बोललास. नुसता श्वास होता, मग तो नव्हता.

तुला त्या दिवशी सांगितलं ते खोटंच होतं. खरं काय ते वर लिहिलं आहे. आणि तू ऐकत असशील तर हेही ऐक. तुझं म्हणणं खरं असतं, जगात जीन हा एकच शब्द असता, तर कारकून चुकलाच नसता. शब्द वेगळे होते, म्हणून तू मेलास. वाद मी जिंकलो पुंडलिका. इतकी वर्षं मला तेच हवं होतं.

तुला नाल्याकाठी पोचवून आलो त्याच आठवड्यात बाजारात हाकाटी झाली की समुद्रापलीकडची लढाई संपली. भाव असा कोसळला की गाड्या भरून आलेली माणसं बाजाराच्या तोंडाशीच थांबली, आत यावं की परत जावं ते त्यांना कळेना. कंपनीने मांडव उतरवला. यंत्रावर ताडपत्री टाकून त्याला दोरांनी बांधलं, तूच बसवत होतास ते चामडं अर्धवट ताणलेलं तसंच ठेवून. कारकून मुंबईला गेला. जाण्याआधी तो तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आला होता. आत आला नाही. थोडा वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि परत गेला. पंधरा-वीस दिवस आधी भाव पडला असता तर तू त्या रुळाजवळ बसलाच नसतास. असा विचार करू नये असं सगळे मला सांगतात. मी करतो.

वहिनीचा भाऊ तेल्हाऱ्याहून गाडी घेऊन आला. मूलबाळ नाही, अमरावतीत तिचं कोणी नाही, तेव्हा माहेरी जाण्यावाचून दुसरं काय होतं? मी अकोल्यापर्यंत त्यांच्याबरोबर आलो.  कापूस मातीमोल विकून परतणाऱ्या रिकाम्या गाड्या वाटेत आमच्यापुढे-मागे चालल्या होत्या. बोरगावच्या पुढे तिने एकदम विचारलं, "भाऊजी, मेलेलं मानूस पुन्हा जल्म घेते म्हन्तात. तुमच्यातबी म्हन्तात ना?"

"म्हन्तात."

"मंग त्याइले आता कोनता जल्म भेटला असन?"

मी म्हणालो, "ते कोनाले मालूम, वहिनी."

"कोनताबी असो. मी मेली अन् मले कुठंबी जल्म आला, तं ते मले वळखतीन का?"

तुला ठाऊक आहे आमच्या पोथ्या काय म्हणतात. जीव एकटा येतो, एकटा जातो. नवरा नाही, बायको नाही, मागची नाती पुढे येत नाहीत. लहानपणापासून मी हे ऐकत आलो, मुलांना शिकवत आलो. एका उन्हाळ्यात तुलाही सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणालास की लयच कोरडा देव हाय बाप्पा तुमचा.

"तुमी तं पोथ्या वाचता," ती म्हणाली.

"वाचतो."

"मंग?"

गाडी मोर्णेत उतरली होती. पात्र कोरडं, नुसती वाळू. मधोमध चाक रुतलं. तिचा भाऊ खाली उतरून चाकाला खांदा द्यायला लागला, मीही उतरलो. दोघांनी जोर लावला, बैलांनी ओढलं, आणि गाडी हिसका देऊन पलीकडच्या काठावर चढली. माझं घर तिथून जवळच होतं, तेव्हा मी पुन्हा चढलो नाही. मी गाडीच्या बाजूला उभा राहिलो. वहिनी वरून माझ्याकडे बघत होती, ती अजून उत्तराचीच वाट बघत होती.

तिच्या भावाने विचारलं, "मास्तर, निघू का मंग?"

मी म्हणालो, "निघा."

तिने पदर पुढे ओढून घेतला आणि गाडी तेल्हाऱ्याच्या वाटेला लागली.